आधी ताणा, मग बाणा

बेज्जूरच्या आसपासच्या जंगलात ऐनाची झाडे पुष्कळ. तेलुगूत ऐनाला नल्ल मद्दी म्हणतात आणि अर्जुनाला तेल्ल मद्दी. पावसाने या झाडांना कोवळी पालवी फुटली की टसरच्या अळ्या फांद्यांवर सोडतात, आणि मग महिना-सव्वा महिना राखणदाराला झाडाखालून हलता येत नाही. पाखरे, मुंग्या, गांधीलमाशा, सगळ्यांचाच त्या लठ्ठ हिरव्या अळीवर डोळा असतो. एवढ्यातून जी अळी वाचते ती स्वतःभोवती कोष करते, त्याला टणक देठ काढते आणि देठाच्या टोकाचे कडे फांदीला घट्ट अडकवून ठेवते. हा कोष वाऱ्यापावसात गळत नाही. तो कापूनच काढावा लागतो.

बेज्जूर मंडल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पूर्वेला प्राणहिता, आणि नदी ओलांडली की गडचिरोलीचा अहेरी तालुका. दोन्ही काठांवर तेलुगू, मराठी आणि गोंडी बोलणारी माणसे शेजारी शेजारी राहतात, दोन्ही काठांवर ऐन आहे आणि दोन्ही काठांवर टसर होते. गडचिरोलीकडे आरमोरी भागात ढिवर समाजाची कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. तिकडे या कोषाला कोसा म्हणतात. पण कोष निघाले की ते इथे राहत नाहीत. चेन्नूरला रेशीम खात्यामार्फत लिलाव होतो, छत्तीसगडसारख्या राज्यांतून व्यापारी येतात, पोती भरतात आणि जातात. सूतही दुसरीकडे निघते, कापडही दुसरीकडे विणले जाते.

कोष विकणाऱ्या गावाने कापड विकावे, असे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी लागणारे माग दूर आहेत असेही नाही. प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते त्या काळेश्वरजवळ महादेवपूरला टसरच्या साड्या होतात. वर वैनगंगेच्या खोऱ्यात आरमोरी, पवनी, मोहाडी, आणि त्यापुढे नागपूर, हा कोष्ट्यांचा मुलूख आहे. मग बेज्जूरच्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने माग शिकायचे ठरवले, तर त्याने किंवा तिने नेमके काय शिकायचे आणि कोणत्या टोकापासून? हे प्रकरण त्यासाठी लिहिले आहे.

माझे सांगणे एकच आहे. विणणे म्हणजे मागावर बसून आडवा धागा नेणारा धोटा फेकणे, असे बाहेरच्या माणसाला वाटते, कारण डोळ्यांना तेवढेच दिसते. खरे शिक्षण मागावर बसण्याआधी होते. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, काढणे, त्याला खळ देणे, तो रुळावर गुंडाळणे, एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवणे, या कामांत कापड निम्म्याहून जास्त ठरून गेलेले असते. ज्याला मांडलेल्या मागावर बसून विणता येते पण माग मांडता येत नाही, त्याला मी विणकर म्हणणार नाही.

देशाच्या मोजणीतही ही कामे वेगळी दिसतात. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत ३५.२२ लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांतले २६.७४ लाख प्रत्यक्ष विणणारे. उरलेले साडेआठ लाखांच्या आसपास लोक कांड्यांवर सूत भरणे, ताणा काढणे, खळ देणे, रंगवणे अशी कामे करणारे. एकूण कामगारांत ७२ टक्के स्त्रिया आहेत. शिवाय विणकर म्हणून ज्याची नोंद झाली त्याच्याही घरात कांड्या बायकोने नाही तर मुलीने भरलेल्या असतात. त्यांचे श्रम विणकराच्या मजुरीत मुरून जातात.

हे ज्ञान सहजासहजी हाती लागत नाही, याचा अनुभव गांधीजींनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. १९१५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांनी चरखासुद्धा प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. साबरमतीच्या आश्रमात माग आणले, पण आश्रमवासी सगळे नोकरी-व्यापारातले. कारागीर एकही नाही. माग तसेच पडून. शेवटी पालनपूरहून एक शिकवणारा मिळाला, आणि त्यानेही आपली सगळी विद्या उघड केली नाही. मगनलाल गांधींचे यंत्रातले डोके चांगले होते. त्यांनी ती कला चिकाटीने आत्मसात केली आणि मग आश्रमात एकामागून एक विणणारे तयार झाले. मगनलालांच्या नावाने वर्ध्याला १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय आजही उभे आहे. बेज्जूरहून नागपूरकडे जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून ते जरूर पाहावे.

पालनपूरच्या त्या कारागिराला मी दोष देत नाही. पिढ्यांची पोटापाण्याची विद्या परक्याच्या हाती एकदम कोण देईल? आणि मागाची बरीचशी विद्या सांगता येण्याजोगी नसतेच. धागा किती ताणायचा हे बोटांना कळते, तोंडाने सांगता येत नाही.

आता माग मांडायला घेऊ. शिकणाऱ्याने पहिला ताणा टसरचा घेऊ नये. टसरचे सूत खडबडीत असते, कुठे जाड कुठे बारीक. ते नवख्या हातात तुटते आणि उमेदही तोडते. पहिले कापड सुती पंचा असावा. सूत वीस नंबरचे, म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लड्या भरतील एवढे जाड. पंचाची रुंदी फणीत २४ इंच धरू आणि एका इंचात ४० धागे. म्हणजे ताण्यात ९६० धागे झाले. कडा मजबूत याव्यात म्हणून दोन्ही बाजूंना थोडे जास्त घेतात, ते सोडून देऊ. ताण्याची लांबी २० मीटर. ९६० गुणिले २०, म्हणजे १९,२०० मीटर सूत. एका लडीत ७६८ मीटर असते, तेव्हा बरोबर २५ लड्या लागतील आणि वजन भरेल सुमारे ५७० ग्रॅम. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांनाही, साधारण तेवढेच. हा हिशेब शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने कागदावर मांडावा. माग हे गणिताचे यंत्र आहे, आणि ज्याला सूत किती लागेल हे सांगता येत नाही त्याला कापडाची किंमतही सांगता येणार नाही. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव मान्य करण्याखेरीज मग त्याच्या हाती काही राहत नाही.

लडी असारीवर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, चढवून सूत बॉबिनवर घ्यायचे. मग ताणा काढायचा. खुंट्यांवर काढा नाहीतर मोठ्या फिरत्या पिंजऱ्यावर, मर्म दोन्हीकडे एकच आहे: एका टोकाला दोन खुंट्यांच्या मध्ये धाग्यांची फुली पडली पाहिजे. पहिला धागा एका खुंटीवरून आणि दुसरीखालून, दुसरा धागा त्याच्या उलट, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. पुस्तकाच्या पानांना आकडे असतात तशी ही फुली. कितीही गुंता झाला तरी कोणत्या धाग्यानंतर कोणता, हे तिच्यावरून कळते. ताणा खुंट्यांवरून उतरवण्याआधी फुलीत दोरी बांधायची. ही दोरी बांधायची राहिली तर ९६० धाग्यांचा झुबका हातात येतो आणि तो पुन्हा कधी सुटत नाही. नवशिक्याचा पहिला ताणा वाया जातो तो बहुतेक इथेच.

मग पांजणी. सुती धाग्याला बारीक लव असते. ती फणीत घासून फुलते, शेजारच्या धाग्याला चिकटते आणि धागा तुटतो. म्हणून तांदळाच्या पेजेची किंवा मैद्याची पातळ खळ, तीत थोडे तेल घालून, ताण्याला द्यायची. कोष्टीपुऱ्यांत आणि पद्मशाली विणकरांच्या वाड्यांत हे काम गल्लीत होत असे. पहाटे उठून ताणा रस्त्याच्या लांबीने पसरायचा आणि लांब कुंच्याने एकाच दिशेला खळ फिरवत जायचे. पहाटेच करायचे, कारण ऊन चढले की खळ कुंचा फिरण्याआधीच वाळते आणि धागे एकमेकांना चिकटून काड्या होतात. कुंचा उलटा फिरला तर लव बसण्याऐवजी उभी राहते. खळ जास्त झाली तर धागा कडक होऊन मोडतो, कमी झाली तर फुलतो. किती हवी हे त्या दिवसाच्या हवेवर असते. बेज्जूरच्या मे महिन्यात जेवढी तेवढीच ऑगस्टमध्ये, असे करून चालत नाही.

मागासाठी जमिनीत खड्डा घेतात तोही हवेच्याच कारणाने. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली पावड्यांवर सोडतो, आणि ताणा जमिनीपासून वीतभर उंचीवर पसरलेला असतो. जमिनीचा ओलावा त्याला खालून मिळत राहतो. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, दमट हवेत तग धरतो. सरकारी शेडमध्ये सिमेंटच्या फरशीवर लोखंडी माग उभे करतात. फरशी दिसायला छान असते, पण उन्हाळ्यात तिथे धागे किती तुटतात ते विणणाऱ्याला विचारावे.

खळ वाळली की ताणा मागच्या रुळावर गुंडाळायचा. एकाने रूळ फिरवायचा, दुसऱ्याने ताणा खेचून धरायचा, आणि खेच पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत सारखी हवी. डावीकडे सैल आणि उजवीकडे ताठ गुंडाळलेला ताणा पुढे वीसही मीटर कुरकुरतो. सैल बाजूचे कापड फुगते आणि ते मागावर कशानेही दुरुस्त होत नाही.

आता वहीफणी. मागाच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

वही म्हणजे दोऱ्यांची किंवा तारांची चौकट. प्रत्येक दोऱ्याच्या मध्यावर एक डोळा असतो. साध्या विणीला दोन वह्या पुरतात: एक, तीन, पाच हे धागे पहिल्या वहीच्या डोळ्यांतून, दोन, चार, सहा दुसरीच्या. एक वही वर आणि दुसरी खाली गेली की धाग्यांचे दोन थर होतात आणि मधून धोट्याला वाट मिळते. वहीच्या पुढे फणी. पूर्वी फणी बांबूच्या तासलेल्या काड्यांची असे, आता पोलादी पट्ट्यांची असते. आपल्या पंचाला इंचात २० घरांची फणी लागेल, प्रत्येक घरातून दोन धागे. दोन इंचांतल्या घरांवरून फणीचा नंबर ठरतो, म्हणून ही ४० नंबरची फणी.

दोघी बसतात. मागच्या बाजूला बसलेली फुलीतून पुढचा धागा वेगळा करून डोळ्यापाशी देते, पुढच्या बाजूची आकडीने तो ओढून घेते. देणारीचे लक्ष फुलीवर, घेणारीचे डोळ्यावर. बोलायचे ते एवढेच: पहिली, दुसरी, पहिली, दुसरी. नवी मुलगी शेदीडशे धाग्यांनंतर वेग घेते आणि तिथेच चुकते, कारण हाताला सवय झालेली असते आणि डोळा सैलावलेला असतो. म्हणून जाणती बाई दर चाळीस धाग्यांनी थांबायला लावते. “गाठ मार, मोज, मगच पुढं जा.” चाळीस धागे म्हणजे वीस घरे, म्हणजे फणीवर बरोबर एक इंच. इंच भरला नाही तर चूक त्या चाळिसात आहे, आणि चाळीस धागे सोडवून पुन्हा ओवणे ही घटकाभराची गोष्ट. शेवटी कळले तर मात्र चूक जिथे असेल तिथपासून कडेपर्यंत सगळे उपसावे लागते. पहिल्या वहीत एकाशेजारी एक असे दोन धागे गेले तर कापडात त्या जागी दोन धागे जोडीने चालतात आणि वीस मीटरभर एक बारीक रेघ दिसते. फणीचे एक घर रिकामे राहिले तर तिथे फट दिसते. धुतल्यावर ती थोडी मिटते, पण गिऱ्हाईक काही धुऊन पाहून घेत नाही.

आणखी एक युक्ती इथेच सांगतो. ताणा संपत आला की जुने धागे पूर्ण काढून टाकायचे नाहीत. वहीफणीत त्यांची शेपटे ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला पीळ देऊन जोडायचा. ही सांधणी. बोटांना राख लावून दोन टोके अशी वळतात की गाठ पडत नाही, आणि जोड डोळ्यातून व घरातून अलगद पुढे सरकतो. सांधणी येत असेल तर वहीफणी दर वेळी नव्याने करावी लागत नाही. सांधणी करणारी माणसे पूर्वी गावोगाव फिरत आणि त्यांना मानही असे. त्या कामाची मजुरी आज इतकी कमी मिळते की नव्या पिढीतले फारसे कोणी ते शिकत नाही, आणि सांधणारा माणूस मिळाला नाही म्हणून चांगला माग रिकामा बसून राहतो.

ताणा पुढच्या रुळाला बांधून झाला की माग जुळवायचा. चौकट काटकोनात आहे का ते दोरीने तिरपे मोजून पाहायचे; दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. फणीची झुलती चौकट दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर टांगलेली हवी, नाहीतर एका कडेचे कापड दाट आणि दुसऱ्या कडेचे विरळ येते. वह्या अशा उंचीवर बांधायच्या की पावडी न दाबता धागे फणीच्या मध्यावर राहतील. पावडी दाबल्यावर वाट धोटा जाईल एवढीच उघडावी. जास्त उघडली तर धाग्यांवर ओढ येऊन ते तुटतात. कमी उघडली तर धोटा धाग्यांत शिरून त्यांना कापत जातो किंवा उसळून बाहेर पडतो.

एवढे झाले की बसायचे. पुढचे काम तीन हालचालींचे. पावडी दाबून वाट उघडायची, धोटा पाठवायचा, फणी अंगाकडे ओढून बाणा ठोकायचा. मग दुसरी पावडी. झटक्याच्या मागावर उजव्या हाताने दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडच्या पेटीत जातो. ही सोय इंग्लंडच्या जॉन के याची, १७३३ सालची. त्याआधी धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत, म्हणून एकट्या विणकराच्या कापडाची रुंदी त्याच्या हातांच्या आवाक्याएवढीच असे. इंचाला ४० बाणे धरले तर एका मीटरला सुमारे १,५७५ वेळा धोटा जातो. एवढ्या वेळा हात, पाय आणि कान एकत्र चालले की लय बसते. कानाचे महत्त्व नवख्याला कळत नाही. धागा तुटला की आवाज आधी बदलतो, डोळ्याला नंतर दिसते.

सुरुवातीला दोन दोष हमखास येतात. एक म्हणजे कडा आत ओढल्या जाणे. धोटा गेल्यावर बाणा ताठ राहिला की कापड आकसते, २४ इंचांचे बावीस होते, आणि कडेचे धागे फणीत घासून तुटू लागतात. बाणा थोडा तिरपा, सैल ठेवून ठोकावा, आणि दोन्ही टोकांना अणी असलेली काठी लावून कापड रुंदीत ताणून धरावे. दुसरा दोष पट्ट्यांचा. जेवायला उठून परत बसलेल्या माणसाचा ठोका बदललेला असतो आणि कापडावर ती जागा आडव्या पट्टीने दिसते. उठण्याआधी ताणा थोडा सैल सोडावा, बसल्यावर पहिले चार-सहा ठोके हलके मारून पाहावे. हे दोन्ही दोष सरावाने जातात. ताण्यातला दोष सरावाने जात नाही.

या भागाच्या हातची सर्वांत देखणी वीण म्हणजे करवती काठाची टसर साडी. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्या अंगाचा आणि काठाचा बाणा वेगवेगळा असतो, म्हणून तीन धोटे लागतात: मधे टसरचा एक, दोन काठांना दोन. प्रत्येक ओळीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून मागे घ्यायचा. ही अडकवण्याची जागा ठरलेल्या मोजणीने आतबाहेर सरकवली की जोडावर करवतीचे दात उमटतात. झटक्याची दोरी इथे उपयोगाची नाही. प्रत्येक बाण्याला तीन वेळा थांबायचे, दोन वेळा अडकवायचे. काम सावकाश होते, पण काठ आणि अंग दोन्ही आपापल्या शुद्ध रंगात राहतात आणि जोड उसवत नाही. ज्याला साधा पंचा सलग, बिनचूक येतो त्याने इकडे वळावे. त्याआधी वळला तर दात वाकडे येणारच.

टसरच्या सुताचे एक दुखणे मागाच्याही आधीचे आहे. कोष टणक असतो. सोडा घातलेल्या पाण्यात उकळून तो मऊ करावा लागतो आणि मग चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढून सूत काढायचे. ठिकठिकाणी बायका हे सूत उघड्या मांडीवर वळत आल्या, त्याने कातडी सोलवटते. केंद्रीय रेशीम मंडळाने त्याला पर्याय म्हणून बुनियाद नावाचे छोटे यंत्र काढले आहे. बेज्जूरकडे कापड व्हायचे असेल तर मागाआधी हे यंत्र यावे, कारण कोष विकण्याऐवजी सूत विकणे ही पहिली पायरी आहे आणि ती मागापेक्षा सोपी आहे.

मागाआधीच्या श्रमांकडे डोळे उघडून पाहिले तर काय होते, याचे तेलंगणातलेच उदाहरण चिंतकिंदी मल्लेशम यांचे. आलेर भागातल्या विणकर घरातला हा मुलगा. पोचमपल्ली पद्धतीच्या साडीसाठी रंगवण्याआधी सूत खुंट्यांच्या अर्धवर्तुळावर वरखाली गुंडाळावे लागते. त्या कामाला आसू म्हणतात. एका साडीसाठी त्याच्या आईचा, लक्ष्मीचा, हात हजारो वेळा पुढे-मागे जाई आणि खांदा दुखून येई. शाळा अर्धवट सुटलेल्या मल्लेशमनी वर्षानुवर्षे खटपट करून १९९९ मध्ये हे काम करणारे यंत्र तयार केले आणि त्याला आईचे नाव दिले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कापड तेच राहिले, माग तोच राहिला. आईचा खांदा वाचला. मागावर बसलेल्या माणसाचे फोटो सगळे काढतात. मल्लेशमनी त्याच्या मागे बसलेल्या बाईकडे पाहिले.

म्हणूनच प्रशिक्षण वर्गांची नेहमीची रीत मला पटत नाही. वर्ग सुरू होण्याआधी कोणी जाणता कारागीर येऊन सगळे माग मांडून जातो. मुली येतात, मांडलेल्या मागावर बसतात, विणायला शिकतात, प्रमाणपत्र घेतात. ताणा संपतो. पुढचा ताणा कोणी लावायचा? कारागीर गेलेला असतो. माग घरी मिळालेला असला तरी महिनाभरात त्यावर कपडे वाळत पडतात. मुलींनी कष्टात कसूर केलेली नसते. त्यांना अर्धीच विद्या दिलेली असते, आणि तीही नंतरची अर्धी.

पूर्ण विद्या दिली तर कोण शिकू शकते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरी झालेली आणि अपंग माणसे माग चालवत आली आहेत. धाग्याचे काम म्हणजे बोटांचे काम, आणि तेच काम अशा माणसांनी आपलेसे केले. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आनंदवनाच्या सतरंज्या, टॉवेल आहेत. ज्यांना शिकवण्यात अर्थ नाही असे जग समजत होते त्यांना तिथे शिकवले गेले, आणि ते शिकले.

बेज्जूरमधल्या शिकणाऱ्याला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे. तिला तेलुगू आणि मराठी दोन्ही येतात. महादेवपूरला ती मग्गम, पडुगू, पेका हे शब्द ऐकेल आणि आरमोरीला माग, ताणा, बाणा. दोन्हीकडे उस्तादाशी त्याच्या बोलीत बोलता येईल. तेलंगणातून सोलापूरला गेलेल्या पद्मशाल्यांनी हेच केले. मार्कंडेयाला मानणारा हा समाज सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलत आणि मराठीत व्यवहार करत राहिला, आणि त्याच्या मागांवर निघालेल्या चादरीने सोलापूरचे नाव देशभर नेले.

तेव्हा ज्या कोणाला शिकायचे असेल त्यांना माझी विनंती आहे. वर्गात नाव घालण्याआधी एकच विचारा: ताणा आम्ही काढणार आहोत का, की तो काढून मिळणार आहे? काढून मिळणार असेल तर तो वर्ग सोडा. त्याऐवजी एखाद्या जुन्या विणकराच्या घरी जा, त्याच्या घरातल्या बाईशेजारी बसा आणि दोन महिने कांड्या भरा, फुली धरा, धागे द्या. मजुरी मागू नका, पण सांधणी शिकवायला नक्की सांगा. आणि जे प्रशिक्षणाचा पैसा मंजूर करतात त्यांनी प्रमाणपत्राची अट बदलावी: रिकामा माग, पंचवीस लड्या सूत आणि एक सोबतीण द्यायची, जी तो माग मांडून पहिला हातभर पंचा विणून दाखवील तिलाच प्रमाणपत्र द्यायचे.